बाइकच्या पुढच्या स्प्रॉकेटमागून ऑइल गळते आहे? झिजलेले सील घरच्या घरी कसे बदलावे

सकाळी गाडी काढताना पार्किंगच्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो आणि तो कालच्यापेक्षा थोडा मोठा असतो. हा डाग गाडीच्या डाव्या अंगाला, गिअरच्या दांडीच्या जरा मागे पडत असेल, तर रोजच्या वापरातल्या १०० ते १२५ सीसीच्या बाइकमध्ये संशय आधी दोन जागांवर घ्यावा. पुढचे लहान स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, ज्या शाफ्टवर बसते त्या शाफ्टचे ऑइल सील ही पहिली जागा, आणि गिअरची दांडी ज्या शाफ्टवर बसते त्याचे सील ही दुसरी. बहुतेक गाड्यांत ही दोन्ही सील इंजिन न खोलता बाहेरून बदलता येतात. हा लेख मुख्यतः पहिल्या सीलविषयी आहे, कारण चेनचा चिखल, उष्णता आणि ताण सर्वांत जास्त त्याच्याच वाट्याला येतो.

थेंब-थेंब गळती म्हणजे किरकोळ गोष्ट, असे समजून अनेक जण महिनोन् महिने गाडी तशीच चालवतात. तसे करू नये, असे मी अगदी कळकळीने सांगतो. या वर्गातल्या बाइकमध्ये ऑइल साधारण एक लिटरच्या आसपासच असते, त्यामुळे पाव लिटर गळून गेले तर चौथा हिस्सा गेला आणि उरलेल्या ऑइलवर इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांचा भार आला. दुसरा धोका याहून मोठा आहे. स्प्रॉकेटमागून सुटलेले ऑइल चेनवर येते, चेन ते मागे वाहून नेते आणि मागच्या टायरच्या डाव्या कडेवर उडवते. कसारा घाटाच्या वळणावर किंवा पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर गाडी डावीकडे कलती होते, तेव्हा टायरची नेमकी तीच कड रस्त्याला टेकलेली असते.

सील कसे काम करते

जुने सील हातात घेऊन पाहिले तर त्याची रचना लगेच ध्यानात येते. बाहेर रबराने मढवलेली पोलादी कडी असते, जी इंजिनच्या खोबणीत दाबून बसते. आतल्या बाजूला रबराचा एक पातळ ओठ असतो, ज्याला मेकॅनिक लिप म्हणतात, आणि त्या ओठाच्या पाठीमागे केसाएवढ्या तारेची गोल स्प्रिंग असते. ओठाचा व्यास शाफ्टपेक्षा किंचित लहान ठेवलेला असतो, म्हणून तो शाफ्टला घट्ट मिठी मारतो आणि ती मिठी सैल पडू न देण्याचे काम स्प्रिंग करते. शाफ्ट फिरत असताना ओठाखाली ऑइलचा अतिशय पातळ थर राहतो, त्यामुळे रबर जळत नाही. अनेक सीलना बाहेरच्या अंगाला आणखी एक छोटा ओठ असतो, तो धूळ आणि पाणी आत येऊ देत नाही.

ओठाचे रबर उष्णतेने वर्षानुवर्षे भाजले की कडक होते. नवे सील दोन बोटांत दाबले तर ओठ सहज वाकतो आणि परत जागेवर येतो. पाच-सात वर्षे चाललेल्या सीलचा ओठ मात्र नखाने दाबला तरी प्लास्टिकच्या बांगडीसारखा टणक लागतो, त्याची धारदार कड चपटी झालेली असते आणि कधी कधी तिच्यावर बारीक चिराही दिसतात. असा ओठ शाफ्टच्या सूक्ष्म हलण्याबरोबर हलू शकत नाही आणि मग फट पडते.

आधी खात्री करावी: ऑइल नेमके कुठून येते आहे

या कामातली सर्वाधिक फसगत इथेच होते. ऑइल जिथे टपकते ती जागा आणि जिथून ते सुटते ती जागा वेगळी असते. ते उताराने खाली येते आणि गाडी चालत असताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी लागते, आणि अनेक महिन्यांचे किटण जमलेल्या इंजिनवर ती कधीच सापडत नाही.

त्यासाठी स्प्रॉकेटचे कव्हर काढून तो सगळा भाग डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने घासून स्वच्छ करावा. इंजिन पूर्ण थंड असताना आणि उघड्यावरच हे काम करावे, आणि पेट्रोल मुळीच वापरू नये. नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन फडक्याने कोरडे करावे. प्रेशरच्या पाण्याचा फवारा सीलवर जवळून मारू नये, कारण धूळ अडवणाऱ्या ओठाखालून पाणी आणि रेती आत घुसते. भाग पूर्ण कोरडा झाल्यावर त्यावर टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरावी, कव्हर परत लावावे आणि दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारून यावी. नाशिक शहरातल्यांना गंगापूर धरणाच्या दिशेने जाऊन येणे याला पुरेसे होते. परत आल्यावर कव्हर काढले की पांढऱ्या पावडरीवर ऑइलची वाट ओल्या रेषेसारखी स्पष्ट उमटलेली दिसते.

ही रेष शाफ्टभोवतीच्या गोल खोबणीतून निघत असेल तर सील किंवा त्याच्या आतली ओ-रिंग, म्हणजे रबराची बारीक गोल कडी, दोषी आहे. रेष गिअर शाफ्टच्या भोकातून खाली येत असेल तर ते सील वेगळे. रेष वरून, म्हणजे सिलिंडरच्या बुडाच्या पॅकिंगमधून किंवा मॅग्नेटो कव्हरच्या (वीज तयार करणाऱ्या भागावरच्या झाकणाच्या) सांध्यातून येत असेल, तर सील बदलून काहीही साधणार नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चेनला मारलेले वंगण कव्हरच्या आत उडून साचते आणि तेही काळे दिसते. ते बोटाला चिकट, दाट आणि रेतीमिश्रित लागते, तर इंजिन ऑइल पातळ असते आणि दोन बोटांत सहज घसरते. नुसत्या चेनच्या वंगणाला गळती समजून सील बदलून घेतलेले लोक मला माहीत आहेत.

खात्री झाली तरी लगेच सील उपटायला धावू नये. इंजिनचा ब्रीदर पाइप आधी तपासावा. पिस्टनच्या हालचालीने क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीत, तयार होणारा दाब या पाइपमधून बाहेर पडतो. पाइप कुठे दुमडला असेल, टाकीखाली चेपला असेल किंवा त्यात चिखल किंवा कुंभारमाशीचे घर झाले असेल, तर तो दाब सर्वांत कमजोर जागा शोधतो, आणि ती जागा म्हणजे सीलचा ओठ. पाइप काढून त्यातून फुंकर मारली तर हवा मोकळी गेली पाहिजे. तसेच गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर उभी करून ऑइलची पातळी पाहावी. ती वरच्या खुणेच्या वर असेल, तर ऑइल जास्त भरल्यामुळेच गळत असण्याची शक्यता असते. या दोन तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही आणि त्या टाळल्या तर नवे सीलही काही महिन्यांत गळू लागते.

सील विकत घेताना

बहुतेक बाइकच्या या सीलची किंमत एक लिटर ऑइलपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. गाडीच्या कंपनीचे मूळ सील घ्यावे आणि दुकानात मॉडेलबरोबर गाडीचे उत्पादन वर्षही सांगावे, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक माप बदललेले असू शकते. सीलच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ २०×३५×७. पहिला आकडा शाफ्टचा व्यास, दुसरा खोबणीचा व्यास आणि तिसरा सीलची जाडी, सर्व मिलिमीटरमध्ये. काही सीलवर टीसी किंवा एससी अशी अक्षरे असतात. टीसी म्हणजे धुळीसाठी वेगळा ओठ असलेले, एससी म्हणजे एकाच ओठाचे. चेनच्या चिखलात बसणाऱ्या सीलला मूळ जर टीसी असेल तर त्या जागी एससी स्वीकारू नये.

सीलबरोबर आणखी चार वस्तू घ्याव्यात: शाफ्टवरच्या कॉलरमधली (स्प्रॉकेटमागच्या पोलादी नळीतली) ओ-रिंग, ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचा वॉशर, गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल आणि गिअर शाफ्टचे सील. शेवटचे गळत नसले तरी घ्यावे, कारण कव्हर एकदा निघालेच आहे आणि दोन्ही सीलचे वय सारखेच आहे. ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ ही बाइकच्या ऑइलची दर्जाखूण लिहिलेली आहे याची खात्री करावी. बाइकचा क्लच याच ऑइलमध्ये भिजलेला असतो आणि कारसाठीच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरू लागतो.

दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: हे सील बाहेरून निघते का? काही इंजिनांत सीलच्या कडेला एक उंचवटा असतो आणि तो क्रँककेसच्या दोन भागांच्या मध्ये अडकलेला असतो. असे सील इंजिन दुभागल्याशिवाय निघत नाही आणि ते काम घरी करू नये. काही इंजिनांत सीलवर छोटी पत्री आणि एक-दोन स्क्रू असतात, ते मात्र सहज निघतात.

काम सुरू करण्यापूर्वी

हत्यारे फार लागत नाहीत. ८ आणि १० नंबरचे टी-पाने, ड्रेन बोल्टसाठी बहुधा १७ नंबरचा रिंग पाना, मागच्या चाकाच्या एक्सलच्या नटाचे पाने, पक्कड, मध्यम आकाराचा स्क्रूड्रायव्हर, लहान हातोडी, ऑइल काढायला उथळ भांडे आणि भरपूर सुती फडकी एवढ्यात काम होते. नवे सील ठोकून बसवण्यासाठी त्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा एखाद-दुसरा मिलिमीटर लहान असा पीव्हीसी पाइपचा सरळ कापलेला तुकडा आधीच तयार ठेवावा. त्याच्या दोन्ही कडा सपाट आहेत की नाहीत हे फरशीवर उभा करून पाहावे.

काम दिवसाउजेडी आणि सपाट जमिनीवर करावे. नाशिकला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गारठा इतका असतो की रबर आणि ऑइल दोन्ही आखडलेली असतात. त्या दिवसांत नवे सील उन्हात किंवा कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून नंतर पुसून घ्यावे, ते बसायला फार सोपे जाते.

उघडणे

गाडी मेन स्टँडवर घ्यावी, पुढे ऑइल मोकळे उतरावे म्हणून इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे आणि किल्ली काढून खिशात ठेवावी. गिअरची दांडी आणि तिच्या शाफ्टच्या टोकावर एकाच रेषेत रंगाची बारीक खूण करावी, म्हणजे ती परत त्याच दाताला बसेल. दांडीचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. बऱ्याच गाड्यांत हा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून जातो, त्यामुळे तो अर्धवट ठेवून दांडी ओढली तर आटे जातात. दांडी निघाली की स्प्रॉकेटचे कव्हर काढावे आणि त्याचे बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवावेत, कारण त्यांची लांबी सारखी नसते.

आता चेन जागेवर असतानाच स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करायचे आहेत. मागचा ब्रेक एखाद्याला दाबून धरायला सांगावा आणि मग पाना फिरवावा. चेन आधी उतरवली तर स्प्रॉकेट हातात फिरत राहते आणि बोल्टचे डोके गोल होते. अनेक बाइकमध्ये दोन बोल्टने धरलेली एक दातेरी पत्री असते. बोल्ट काढल्यावर ती पत्री थोडी फिरवली की शाफ्टच्या खाचांतून बाहेर येते. काही गाड्यांत एकच मोठा नट आणि त्याखाली दुमडलेला वॉशर असतो, तिथे वॉशरची दुमड आधी सरळ करावी.

मग ऑइल काढावे. सुरुवातीला तापवलेले इंजिन एव्हाना थोडे निवलेले असते, त्यामुळे ड्रेन बोल्ट उघडला की ऑइल मोकळे उतरते. चेन अजून जागेवर आहे आणि स्प्रॉकेट सैल आहे, त्यामुळे या टप्प्यावर इंजिन चालवू नये. गाडी उजवीकडे आडवी करून ऑइल न काढताच सील बदलण्याची पद्धत काही जण वापरतात. ती मी सुचवणार नाही, कारण टाकीतून पेट्रोल आणि जुन्या पद्धतीच्या बॅटरीतून आम्ल सांडू शकते, शिवाय इतके काम केल्यावर जुने ऑइल तसेच ठेवणे योग्य नाही.

मागच्या एक्सलचा नट सैल करून, दोन्ही बाजूंचे चेन ॲडजस्टर किती आटे फिरवले ते मोजून, चाक पुढे ढकलावे आणि चेन स्प्रॉकेटवरून उतरवावी. स्प्रॉकेट बाहेर काढण्यापूर्वी त्याची बाहेरची बाजू खडूने खुणावून ठेवावी. दात शार्कच्या पाठीवरच्या परासारखे एका बाजूला वाकलेले दिसत असतील, तर आता चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलण्याची वेळ झाली आहे.

कॉलर आणि तिच्या आतली ओ-रिंग

स्प्रॉकेटच्या मागे बऱ्याच इंजिनांत एक पोलादी कॉलर असते. सीलचा ओठ शाफ्टवर नव्हे, तर या कॉलरच्या बाहेरच्या पृष्ठभागावर टेकलेला असतो, आणि कॉलर व शाफ्ट यांच्यामधल्या फटीतून ऑइल येऊ नये म्हणून आत एक ओ-रिंग असते. म्हणजे ऑइलला बाहेर पडायला दोन वाटा आहेत: ओठाखालून आणि कॉलरच्या आतून. बाहेरून पाहिले तर दोन्ही गळत्या अगदी सारख्या दिसतात.

माझ्या स्वतःच्या गाडीचे सील मी पहिल्यांदा बदलले तेव्हा ही ओ-रिंग मला ठाऊकच नव्हती. नवे सील नीट बसले, कव्हर लागले, आठवडाभराने सिन्नरला जाऊन आलो आणि कव्हरखाली पुन्हा तोच ओला काळा पट्टा. सील खराब निघाले असे समजून मी दुसरे आणले आणि बसवले, तरी गळती होतीच. तिसऱ्या वेळी कॉलर ओढून बाहेर काढली तेव्हा आत काळ्या रंगाची, दोन जागी तुटलेली आणि चौकोनी झालेली रिंग शाफ्टला चिकटलेली दिसली. बोटाने ओढताच तिचे तुकडे झाले. तेव्हापासून कुणाचीही गाडी असो, कॉलर बाहेर काढल्याशिवाय मी सीलला हात लावत नाही.

कॉलर पक्कडीने धरून ओढू नये, तिच्यावर ओरखडे पडतात. फडके गुंडाळून हाताने फिरवत-फिरवत ती बाहेर घ्यावी. ओ-रिंग टूथपिकसारख्या लाकडी टोकाने काढावी.

जुने सील काढणे

आधी पाहावे की जुने सील खोबणीत किती आत बसले आहे. बाहेरच्या कडेशी समतल आहे की एखादा मिलिमीटर आत, हे मोजून लिहून ठेवावे. मग सीलच्या भोवतीची रेती ब्रशने आणि फडक्याने पूर्ण काढावी, कारण सील निघाले की मागे थेट बेअरिंग आहे आणि तिथे पडलेला रेतीचा एक कणही परत बाहेर येत नाही.

सील काढण्याचे हुक मिळाले तर उत्तमच. नसेल तर स्क्रूड्रायव्हरचे टोक ओठाखाली घालून, त्याचा दांडा लाकडाच्या लहान तुकड्यावर टेकवून, सील हळूहळू उचकटावे. टोक शाफ्टला किंवा ॲल्युमिनिअमच्या खोबणीला लागता कामा नये. खोबणीत आडवा ओरखडा पडला तर ऑइल सीलच्या बाहेरच्या अंगाने झिरपते आणि त्याला सहज इलाज नसतो. सील हटत नसेल तर त्याच्या चपट्या तोंडावर टोच्याने एक छोटे भोक पाडून त्यात बारीक स्क्रू दोन-तीन आटे फिरवावा आणि पक्कडीने स्क्रूसकट सील ओढावे. स्क्रू खोल जाऊ देऊ नये, मागे बेअरिंग आहे हे विसरू नये. ड्रिल वापरणे मी टाळतो, कारण पोलादाचा कीस आत जाण्याची भीती असते.

निघालेले सील फेकू नये. त्यावरचे तीन आकडे नव्या सीलशी ताडून पाहावेत आणि त्याची स्प्रिंग जागेवर आहे ना, हेही पाहावे. स्प्रिंग नसेल तर ती आत राहिली आहे आणि ती सापडेपर्यंत पुढचे काम थांबवावे.

शाफ्टची तपासणी

मला विचाराल तर सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. ओठ जिथे टेकतो तिथे कॉलरवर किंवा शाफ्टवर चकचकीत गोल रेघ दिसते. ती रेघ असणे साहजिक आहे. प्रश्न तिच्या खोलीचा आहे. नखाचे टोक शाफ्टच्या लांबीच्या दिशेने त्या रेघेवरून ओढावे. नख न अडखळता गेले तर काळजी नाही. अडखळले तर रबराच्या ओठात अडकलेल्या रेतीने पोलादात खाच पाडलेली आहे आणि त्या खाचेवर नवे सीलही गळणार. नाशिक-दिंडोरी किंवा निफाड भागात द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या गाड्यांत अशी खाच मी अनेकदा पाहिली आहे. काळ्या मातीचा चिखल कव्हरच्या आत वाळून बसतो आणि चेन तो दळत राहते.

खाच कॉलरवर असेल तर नवी कॉलर घेणे हा सरळ उपाय आहे. शाफ्टवरच असेल आणि खोबणीत जागा असेल, तर नवे सील जुन्यापेक्षा साधारण एक मिलिमीटर कमी-जास्त खोल बसवावे, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो. मात्र फार आत गेल्याने ते बेअरिंगला टेकता कामा नये. हलका गंज किंवा खरखरीतपणा ८०० ते १००० नंबरच्या पॉलिश पेपरला ऑइल लावून, शाफ्टभोवती गोल फिरवत काढावा. लांबीच्या दिशेने कधीही घासू नये, कारण त्या उभ्या रेघा ऑइलला बाहेर येण्यासाठी पन्हळीसारख्या वाट करून देतात. घासताना बेअरिंगवर फडके झाकावे.

शेवटी शाफ्टचे टोक धरून वर-खाली हलवून पाहावे. स्पष्ट खडखड जाणवली तर बेअरिंग गेले आहे. डगमगणाऱ्या शाफ्टवर कोणतेही सील टिकत नाही, तेव्हा गाडी चांगल्या मेकॅनिककडे इंजिनच्या कामासाठी द्यावी. असे बेअरिंग लवकर जाण्यामागे वाजवीपेक्षा आवळलेली चेन हे नेहमीचे कारण असते.

नवे सील बसवणे

खोबण स्वच्छ, कोरड्या फडक्याने पुसावी. शाफ्टच्या दातांवर पातळ प्लास्टिकची पिशवी किंवा चिकटपट्टीचा एक वेढा गुंडाळावा, नाहीतर दातांच्या धारेने कोवळा ओठ पहिल्याच क्षणी चिरतो. ओठाला आतून नवे ऑइल लावावे आणि स्प्रिंगच्या पोकळीत थोडे ग्रीस भरावे, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडून जात नाही. बाहेरच्या कडेला ऑइलचे बोट पुरते. गॅस्केटची पेस्ट ओठाजवळ लावू नये. तिचे कण सुटून ऑइलच्या वाटेत अडकतात.

स्प्रिंग दिसणारी उघडी बाजू इंजिनकडे आणि आकडे कोरलेली बंद बाजू आपल्याकडे, ही दिशा एकदा मोठ्याने म्हणून पक्की करावी. सील दोन्ही अंगठ्यांनी चारी बाजूंनी सारखे दाबत खोबणीच्या तोंडाशी बसवावे. ते तिरके नाही याची खात्री झाल्यावर पीव्हीसीचा तुकडा त्यावर ठेवावा आणि हातोडीने हलके, भोवताली फिरत ठोके द्यावेत. ठोक्यांचा आवाज बदलतो तिकडे कान ठेवावा. सील सरकत असताना आवाज बोथट येतो आणि ते जागेवर बसले की टणक होतो. लिहून ठेवलेल्या खोलीपर्यंत आल्यावर थांबावे आणि चार ठिकाणी खोली सारखी आहे का, ते पाहावे.

आता नवी ओ-रिंग ऑइल लावून जागेवर घालावी आणि कॉलरची बाहेरची बाजूही ऑइलने ओली करून, तिची उतरती कड पुढे ठेवून, हळूहळू फिरवत आत ढकलावी. सरळ दाबली तर ओठ आत दुमडतो.

गिअर शाफ्टचे सील याच रीतीने बदलावे. फरक एवढाच की काही गाड्यांत ते क्रँककेसमध्ये नसून कव्हरमध्ये असते, तेव्हा कव्हर टेबलावर घेऊन काम करता येते.

परत जोडणी आणि चाचणी

खडूच्या खुणेप्रमाणे स्प्रॉकेट आणि पत्री बसवावी. ६ मिलिमीटरच्या या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे लहान पान्याने मनगटाच्या जोराइतकीच घट्टी पुरते. ॲल्युमिनिअममधले ड्रेन बोल्टचे आटे फार नाजूक असतात, तिथेही नव्या वॉशरसह बेताने आवळावे. चेनचा ढील खालच्या बाजूच्या मध्यावर मोजावा. या वर्गातल्या बाइकना तो साधारण २० ते ३० मिलिमीटर लागतो आणि नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. एक्सल आवळताना दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्या पाहिजेत. चाक पुढे-मागे सरकले म्हणजे ड्रम ब्रेकच्या सळईचे अंतरही बदलले, तेव्हा ब्रेकचे पेडल रस्त्यावर जाण्याआधी तपासून नीट करावे. ही गोष्ट घाईत हमखास राहून जाते. मागच्या टायरवर जुने ऑइल उडालेले असेल तर ते साबणाच्या पाण्याने धुवावे.

मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने ऑइल भरावे, इंजिन तीन मिनिटे मंद चालवावे, बंद करून तेवढाच वेळ थांबावे आणि मग पातळी पाहावी. कव्हर न लावता सीलच्या जागेवर टॉर्चचा उजेड टाकून इंजिन पाच मिनिटे मंद चालवावे आणि निरीक्षण करावे. या वेळी गिअर न्यूट्रलमध्येच असावा आणि हात चेनपासून दूर ठेवावा. सर्व कोरडे असेल तर कव्हर लावून, गिअरची दांडी खुणेवर बसवून, पंधरा किलोमीटर चालवून यावे आणि रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरावे. पहिल्या दिवशी कव्हरच्या कपारीत अडकलेले जुने ऑइल एखाद-दोन थेंब पडू शकते. तिसऱ्या दिवशीचा कागद मात्र कोरा असला पाहिजे.

काढलेले काळे ऑइल डब्यात भरून ठेवावे. आपल्याकडे ते कुंपणाच्या लाकडांना फासण्याची, अंगणातली धूळ बसवण्यासाठी शिंपडण्याची सवय आहे, आणि गॅरेजमागच्या गटारात ओतलेले ऑइल नासर्डी नदीतून गोदावरीत पोहोचते. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. ज्या गॅरेजकडे जुने ऑइल गोळा करणारा माणूस येतो, तिथे तो डबा नेऊन द्यावा.

५०० किलोमीटर झाल्यावर कव्हर पुन्हा एकदा काढावे, पत्रीचे दोन्ही बोल्ट घट्ट आहेत का ते पाहावे, आत साचलेला चिखल आणि चेनचे जुने वंगण लाकडी पट्टीने खरवडून काढावे आणि सीलच्या खालच्या कडेवरून कोरडे बोट फिरवावे.